सरासरीच्या शेजारचा रकाना

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासन विभागातर्फे करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)





यंदाचा वार्षिक अहवाल आपल्या हाती आहे. त्यातील तक्ते नेहमीचेच आहेत. बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, प्रयोगशाळा, औषधसाठा आणि देणग्या असा त्यांचा क्रमही नेहमीचाच आहे. मात्र प्रत्येक सरासरीच्या उजवीकडे या वर्षी एक अरुंद रकाना वाढलेला दिसेल. त्याचे शीर्षक आहे ‘विचरण गुणांक’. हा रकाना कशासाठी, आणि देणगी देणाऱ्याने किंवा रुग्णाच्या नातेवाइकाने तो का वाचावा, अशी विचारणा सभेपूर्वी अनेकांनी केली. विचारणा रास्त आहे. जो आकडा वाचणाऱ्याला कळत नाही, तो अहवालात छापून उपयोग नाही. म्हणून आज विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने आम्ही या एकाच रकान्याविषयी बोलणार आहोत.

आम्ही प्रशासनातील माणसे मूळची वाणिज्य शाखेची. वैद्यकशास्त्र आमचा अधिकार नव्हे. परंतु रुग्णालयात एक गोष्ट रोज नजरेस येते. माणसाचे सुखदुःख सरासरीवर ठरत नाही. सरासरीपासून तो किती दूर फेकला गेला, यावर ते बरेचसे ठरते.

सरासरी काय सांगत नाही

एक साधे उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. समजा, केसपेपर काढण्याच्या दोन खिडक्या आहेत. पहिल्या खिडकीवर पाच रुग्णांना अनुक्रमे २५, २८, ३०, ३२ आणि ३५ मिनिटे थांबावे लागले. दुसऱ्या खिडकीवर ५, १०, २०, ४५ आणि ७० मिनिटे. दोन्हींची सरासरी बरोबर ३० मिनिटे आहे. अहवालात केवळ सरासरी छापली, तर दोन्ही खिडक्यांचे काम सारखेच दिसेल. परंतु ७० मिनिटे उभ्या राहिलेल्या वृद्ध बाईंना आपण सरासरी सांगू शकत नाही.

आता प्रत्येक रुग्णाचा वेळ सरासरीपासून किती दूर आहे ते पाहू. ते अंतर स्वतःनेच गुणून त्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी काढावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे. येणाऱ्या संख्येला ‘प्रमाण विचलन’ म्हणतात. पहिल्या खिडकीचे प्रमाण विचलन सुमारे ३.४ मिनिटे येते, दुसरीचे सुमारे २४.३ मिनिटे. हे विचलन सरासरीने भागून शंभराने गुणले की विचरण गुणांक मिळतो. पहिल्या खिडकीचा तो सुमारे ११ टक्के, तर दुसरीचा ८१ टक्के. सरासरीने जे झाकून ठेवले होते, ते या दुसऱ्या आकड्याने उघड केले.

ही कल्पना इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९६ साली मांडली. वाणिज्य शाखेत शिकलेल्या प्रत्येकाला ती दोन फलंदाजांच्या गणितातून भेटलेली असते. दोघांच्या धावांची सरासरी जवळपास सारखी, मग भरवशाचा कोण? ज्याचा गुणांक कमी, तो. परीक्षा संपली की हे गणित आपण विसरतो. रुग्णालयात मात्र भरवशाचा कोण, हाच प्रश्न दररोज विचारावा लागतो.

प्रमाण विचलन असताना त्याला सरासरीने भागायचे कशासाठी? तुलना करता यावी म्हणून. समजा, नवजात बालकांच्या वजनाची सरासरी २.८ किलो आणि विचलन ०.४ किलो आहे, तर प्रौढांच्या वजनाची सरासरी ५६ किलो आणि विचलन ८ किलो आहे. नुसती विचलने पाहिली, तर प्रौढांतील तफावत वीस पटींनी मोठी वाटते. भागाकार केला, की दोन्हीकडे गुणांक १४.३ टक्केच येतो. किलो, मिनिटे, रुपये, मिलिग्रॅम ही एकके गळून पडतात आणि उरते ते केवळ प्रमाण. म्हणूनच औषधसाठ्याच्या तक्त्यातील गुणांकाची तुलना बाह्यरुग्ण विभागाच्या तक्त्यातील गुणांकाशी करता येते.

रक्ताच्या अहवालातला तोच आकडा

आपल्यापैकी अनेकांना हा गुणांक नवा वाटत असेल. खरे तर तो आपल्या घरातील फायलीत आधीच आहे. रक्ताच्या ‘सी.बी.सी.’ तपासणीचा कोणताही अहवाल काढून पाहा. हिमोग्लोबिनच्या खाली काही ओळी सोडून ‘आर.डी.डब्ल्यू.-सी.व्ही.’ अशी अक्षरे असतात आणि समोर टक्केवारीत एक आकडा असतो. सर्वसाधारणपणे तो ११.५ ते १४.५ च्या दरम्यान असावा असे मानतात. त्यातील ‘सी.व्ही.’ म्हणजेच विचरण गुणांक. आपल्या तांबड्या पेशी आकाराने एकसारख्या आहेत की लहानमोठ्या, हे तो सांगतो. त्याच अहवालातील ‘एम.सी.व्ही.’ ही पेशींच्या आकाराची सरासरी होय. सरासरी आणि तिचा शेजारी असे दोघेही त्या कागदावर असतात, आणि आपण बहुधा हिमोग्लोबिन पाहून कागद मिटून ठेवतो.

या आकड्याला आपल्या परिसरात विशेष महत्त्व आहे. उल्हासनगरचा इतिहास आपण सारे जाणतो. महायुद्धाच्या काळातील लष्करी कल्याण कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा आसरा झाला आणि १९४९ साली त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ‘कॅम्प नंबर’ हे शब्द आजही आपल्या पत्त्यांत आहेत. या समाजाने मोकळ्या बराकींतून उद्योगनगरी उभी केली. मात्र सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा अधिक आढळते, हेही वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ ठाऊक आहे. हा प्रश्न एकाच समाजाचा नाही. पंजाबी, लोहाणा, बंगाली आणि इतरही अनेक समाजांत वाहक आढळतात, आणि आज तिन्ही शहरांत सर्व प्रांतांची कुटुंबे राहतात.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाचे आयुष्य सर्वसामान्य असते. त्याच्या तांबड्या पेशी मात्र आकाराने लहान असतात आणि हिमोग्लोबिन थोडे कमी असू शकते. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पंडुरोगातही पेशी लहानच होतात. दोघांची सरासरी सारखीच दिसते. मग फरक कसा ओळखायचा?

लोह हळूहळू कमी होत जाते, तेव्हा आधी तयार झालेल्या पेशी ठीक आकाराच्या आणि नंतरच्या लहान अशी सरमिसळ रक्तात असते. वाहकाच्या शरीरात पेशी जन्मापासूनच लहान तयार होतात, त्यामुळे त्या बहुतांशी एकसारख्या असतात. समजा, दोघांच्याही पेशींचा सरासरी आकार ६८ आहे. एकाचे विचलन ९.५ असेल तर गुणांक सुमारे १४ टक्के येईल, दुसऱ्याचे १२.९ असेल तर सुमारे १९ टक्के. पहिला अहवाल वाहक असण्याकडे बोट दाखवतो, दुसरा लोहाच्या कमतरतेकडे. सरासरी आकार आणि हा गुणांक एकत्र वाचून पंडुरोगाचे वर्गीकरण करण्याची पद्धत अमेरिकेतील बेसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. हा गुणांक केवळ दिशा दाखवतो, निदान करीत नाही. अनेक वाहकांत तो वाढलेलाही आढळतो. एकाच व्यक्तीत लोहाची कमतरता आणि वाहकत्व दोन्ही असू शकतात. शिवाय भागाकाराचा एक गुणधर्म येथे आडवा येतो. विचलन १२ इतकेच राहिले आणि सरासरी आकार ९० वरून ६५ वर आला, तर गुणांक आपोआप १३.३ वरून १८.५ टक्क्यांवर जातो. पेशींतील तफावत तेवढीच असते, छेद तेवढा लहान झालेला असतो. म्हणून पुष्कळ यंत्रे गुणांकाबरोबर मूळ विचलनही छापतात. अंतिम उत्तर ‘हिमोग्लोबिन ए-२’ या तपासणीतून मिळते. ते साधारणतः ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास वाहकत्व धरले जाते, आणि तेही डॉक्टरांनी लोहाची स्थिती पाहून ठरवायचे असते.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्ताबरोबर साठणारे लोह काढण्यासाठी औषधे द्यावी लागतात. विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी दोघांची तपासणी झाली, तर पुढचा मार्ग माहितीने निवडता येतो. गर्भधारणा झालेली असली, तरी पहिल्या तिमाहीच्या अखेरीस गर्भाचीही तपासणी होऊ शकते. वाहकत्व न ओळखता महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या घेत राहणाऱ्या तरुणीच्या हाती मात्र काहीच लागत नाही, आणि वेळ निघून जातो. आपल्या घरातील विवाहयोग्य मुलामुलींच्या रक्ताचा अहवाल आज घरी गेल्यावर पुन्हा एकदा काढावा आणि पेशींचा आकार लहान दिसल्यास डॉक्टरांना दाखवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

मोजणाऱ्या यंत्राचा भरवसा

आकडा रुग्णाचा असतो, पण तो मोजणारे यंत्रही डळमळते. म्हणून प्रयोगशाळेत रुग्णांच्या नमुन्यांबरोबर दररोज एक ‘कंट्रोल’ नमुना तपासला जातो आणि रोजचे उत्तर आलेखावर नोंदवले जाते. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोन संशोधकांनी १९५० साली ही पद्धत वैद्यकीय प्रयोगशाळांत आणली. तोच नमुना पुन्हा पुन्हा तपासून येणाऱ्या उत्तरांचा विचरण गुणांक म्हणजे त्या तपासणीच्या स्थिरतेचे प्रगतिपुस्तकच.

उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास मधुमेह मानतात. समजा, एखाद्याची खरी साखर बरोबर १२६ आहे. प्रयोगशाळेचा गुणांक २ टक्के असेल, तर शंभरातील सुमारे ९५ वेळा उत्तर १२१ ते १३१ या मर्यादेत येईल. गुणांक ८ टक्के असेल, तर तीच मर्यादा १०६ ते १४६ होईल. रक्त तेच आणि माणूस तोच, पण एका दिवशी त्याला धोका नाही म्हणून घरी पाठवले जाईल आणि दुसऱ्या दिवशी औषध सुरू होईल. देणगीदारांनी दिलेल्या यंत्रासाठी दरवर्षी देखभालीचा आणि कंट्रोल नमुन्यांचा खर्च का मागितला जातो, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. त्याची स्थिरता रोज विकत घ्यावी लागते.

मधुमेहाच्या उपचारातही आता हा गुणांक आला आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एच.बी.ए.-१-सी.’ ही तपासणी सर्वांना परिचित आहे. तिचे उत्तर ७ टक्के आले, तर साखरेची सरासरी सुमारे १५४ असते. परंतु एका रुग्णाची साखर १५४ च्या आसपास स्थिर असते, तर दुसऱ्याची कधी ६० वर घसरते आणि कधी ३०० वर चढते. दोघांची सरासरी एकच निघू शकते, आणि पहाटे घाम फुटून बेशुद्ध पडण्याचा धोका मात्र दुसऱ्याला असतो. साखर सतत मोजणारी साधने आल्यावर २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ३६ टक्के गुणांक ही स्थिर आणि अस्थिर साखरेमधील सीमारेषा मानली.

पुण्यात झालेला एक वाद

या गुणांकावरून देशातील भुकेल्यांची संख्या किती बदलू शकते, याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात घडला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोम येथे, त्यांनी संख्याशास्त्र विभागाचे नेतृत्व केले आणि पुढे पुण्यात पोषणाच्या प्रश्नावर काम केले. त्याच पुण्यात गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरमाणशी दररोज २,२५० उष्मांक ही त्यांच्या दारिद्र्याच्या मोजमापाची पायरी होती.

सुखात्मे यांचा आक्षेप सरासरी वापरण्याच्या रीतीवर होता. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस उपाशी आहे, असे म्हणता येणार नाही, कारण निरोगी माणसांची गरजही एकसारखी नसते. एकाच माणसाची गरजही काळानुसार कमीजास्त होते. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून जी मर्यादा येईल, तिच्याखालील व्यक्तींनाच निश्चितपणे अपुरे खाणारे म्हणावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. गुणांक त्यांनी सुमारे १५ टक्के धरला होता. आम्ही हिशेबापुरता तो २,२५० या आकड्याला लावून पाहिला, तर मर्यादा १,५७५ उष्मांकांवर उतरते. या दोन आकड्यांच्या मध्ये किती कोटी माणसे येत असतील, याची कल्पना आपण करू शकता.

दांडेकरांनी हे मान्य केले नाही, आणि वाद पुढील दशकातही चालला. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे खरे धरले, तरी ते जुळवून घेणे विनामूल्य असते का, असा टीकाकारांचा सवाल होता. मुलाची उंची खुंटते, मजुराचे काम घटते, आणि ही किंमत कोणत्याच रकान्यात येत नाही. निवाडा देणे आमच्या अधिकारातले नाही. आम्ही एवढाच बोध घेतो की, तफावतीकडे दुर्लक्ष केले तर गणित चुकते, आणि तफावत म्हटली की सारे क्षम्य, असे मानले तर माणूस नजरेआड होतो.

गुणांक कुठे फसवतो

नव्या रकान्याची बाजू मांडताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिली मर्यादा अशी की, ज्या मोजपट्टीचे शून्य खरे शून्य नाही, तिथे हा गुणांक निरर्थक ठरतो. शरीराच्या तापमानाचेच पाहा. सरासरी ३७ अंश सेल्सिअस आणि विचलन ०.५ असेल, तर गुणांक १.३५ टक्के येतो. तीच माणसे फॅरनहाइटमध्ये मोजली, की सरासरी ९८.६, विचलन ०.९ आणि गुणांक ०.९१ टक्के. ताप तोच असताना गुणांक बदलला. म्हणून तापाच्या तक्त्यासमोर आम्ही हा रकाना रिकामा ठेवला आहे. ज्या खात्याची शिल्लक कधी जमा तर कधी तूट दाखवते आणि सरासरी शून्याजवळ येते, तिथेही तो मोकळाच आहे.

दुसरी मर्यादा काळाच्या क्रमाची. गुणांकाला आकडे कोणत्या क्रमाने आले ते दिसत नाही, आणि एकच भयंकर दिवस कधी उजाडेल तेही दिसत नाही. भारताच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आणि विचरण गुणांक सुमारे १० टक्के आहे. एवढ्या विशाल देशासाठी हा आकडा समाधानकारक वाटतो. २००५ साली देशात सरासरीच्या ९९ टक्के पाऊस झाला, म्हणजे वर्ष अगदी सर्वसाधारण. पण त्याच वर्षी २६ जुलै रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उल्हास नदीने बदलापूरची वस्ती पाण्याखाली नेली. २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. वर्षाची सरासरी आणि वर्षाचा गुणांक या दोन्हींच्या पलीकडचे असे दिवस असतात. त्यांच्यासाठी वेगळीच तयारी ठेवावी लागते.

तिसरी मर्यादा लहान आकड्यांची, आणि ती आमच्या औषधसाठ्याशी निगडित आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत पावसाळ्यात शेतावर सर्पदंश होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष लस दिली जाते, आणि विषबाधा झालेल्या रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. समजा, महिन्याला सरासरी ४ रुग्ण येतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या दुर्मीळ घटनांना फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या नावाचा नियम लागू होतो. त्यानुसार प्रमाण विचलन हे सरासरीचे वर्गमूळ असते. ४ चे वर्गमूळ २, म्हणजे गुणांक ५० टक्के. येथे गुणांक मोठा दिसला, तर कोणाचा गलथानपणा आहे असे समजू नये. लहान संख्येचा तो स्वभावच आहे.

मात्र त्या स्वभावाची किंमत असते. सरासरी ४ असताना ८ किंवा त्याहून अधिक रुग्ण येण्याची पाळी साधारण वीस महिन्यांतून एकदा येते. सरासरीपुरता साठा ठेवणारे रुग्णालय त्या महिन्यात रुग्णाला दुसरीकडे पाठवील, आणि सर्पदंशात वाटेत गेलेला वेळ परत मिळत नाही. जास्त साठा ठेवला, तर कुप्यांची मुदत संपून दात्यांचा पैसा वाया जाईल.

यावर उपायही हाच गुणांक सुचवतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील तीन रुग्णालयांत प्रत्येकी सरासरी ४ रुग्ण येतात असे धरू. तिघांनी स्वतंत्रपणे ८ रुग्णांपुरता साठा ठेवला, तर एकूण साठा २४ रुग्णांचा होतो. तिघांनी मिळून एक सामायिक साठा ठेवला, तर एकत्रित सरासरी १२, विचलन सुमारे ३.५ आणि गुणांक २९ टक्क्यांवर येतो. साधारण तेवढ्याच खात्रीसाठी मग १९ रुग्णांचा साठा पुरतो. पाच रुग्णांची लस, म्हणजे सुमारे ५० कुप्या, वाचतात. अट एवढीच की, तिघांवर संकट एकाच वेळी येऊ नये आणि वाहन अर्ध्या तासात पोहोचावे. पावसाळ्यात दोन्ही अटी डळमळतात. रुळांवर पाणी आले आणि रस्ता बंद झाला की, कागदावरचा सामायिक साठा दूरच राहतो. म्हणून जून ते ऑक्टोबर प्रत्येक ठिकाणी पुरेसा साठा, आणि उरलेल्या महिन्यांत सामायिक व्यवस्था, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत.

देणगीचा गुणांक

शेवटी देणग्यांच्या तक्त्याकडे वळतो. पुन्हा हिशेबापुरते आकडे घेऊ. एका संस्थेला दरमहा ५ लाख रुपये मिळतात, वर्षाचे ६० लाख. दुसऱ्या संस्थेला अकरा महिने २ लाख आणि मार्चमध्ये ३८ लाख मिळतात, वर्षाचे तेही ६० लाखच. दोघींची मासिक सरासरी ५ लाख आहे. पहिलीचा गुणांक शून्य, दुसरीचा सुमारे १९९ टक्के. आयकराच्या सवलतीसाठी मार्चमध्ये देणगी देण्याची प्रथा समजण्यासारखी आहे. रुग्ण मात्र आर्थिक वर्ष पाहून आजारी पडत नाहीत.

धर्मादाय रुग्णालय म्हणून १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही टक्केवारी बारा महिने सारखी असते. मागणी तशी नसते. पाणी ओसरले की लेप्टोस्पायरोसिस येतो, त्यापाठोपाठ डेंग्यू आणि मलेरिया. हातावर पोट असलेली कुटुंबे त्याच महिन्यांत दारात येतात, आणि देणगीचा ओघ नेमका त्याच महिन्यांत क्षीण असतो.

म्हणून देणगीदार बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे. आपण वर्षाला जेवढे देता तेवढेच द्यावे, परंतु शक्य असल्यास ते बारा हप्त्यांत विभागून द्यावे. ज्यांना हे सोयीचे नाही त्यांनी निदान अर्धी रक्कम जूनपूर्वी द्यावी. त्यामुळे आपल्यावर एक रुपयाचाही जादा भार पडणार नाही, आणि ऑगस्टमध्ये कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकाला ‘निधी आल्यावर या’ असे सांगण्याची वेळ येणार नाही.

अहवाल चाळताना सरासरी अवश्य वाचावी. तिच्यामुळे आपले काम किती, ते कळते. मग उजवीकडचा आकडा वाचावा. त्या कामावर किती विसंबता येईल, हे तो सांगतो. आणि दोन्ही वाचून झाल्यावर, ज्याच्या वाट्याला सरासरी आली नाही अशा एखाद्या रुग्णाचा विचार मनात आणावा.